सेक्स्टंट घ्यावा तर कुठला?

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. दोन-तीन नेहमीचे वाचक सोडले तर सेक्स्टंट विकत घ्यायची वेळ तुमच्यापैकी कुणावर येईल असं वाटत नाही. तरी वाचा, कारण गोष्ट शेवटी यंत्रापेक्षा आपण माणसं वस्तू कशा निवडतो याची आहे.

निमित्त असं झालं. माझी भाची इंग्लंडात नोकरी करते आणि गेली चार वर्षं तिथे शिडाच्या बोटी चालवते. येत्या नोव्हेंबरात ती तीन मित्रमैत्रिणींबरोबर एका ३८ फुटी बोटीतून अटलांटिक ओलांडणार आहे. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघायचं आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचायचं. सुमारे २७०० सागरी मैल, वारा नीट मिळाला तर तीन आठवडे. बोटीवर प्रत्येकाला एकेक जबाबदारी वाटून दिली आहे, आणि सूर्य-तारे बघून बोटीची जागा काढायचं काम हिच्या वाट्याला आलं. तिने मला विचारलं, "मामा, सेक्स्टंट कुठला घेऊ?"

मी पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे प्रश्न योग्य माणसाकडे आला होता. पण तिने तोच प्रश्न घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरही टाकला. मग काय विचारता! लग्नाचा हॉल ठरवताना होते तशी चर्चा सुरू झाली. तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, म्हणाले, "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. बाजारात सगळ्यात भारी असेल तो घ्या, पैसे मी देतो." आमच्या आतेभावाने चोरबाजारातल्या एका चकचकीत पितळी सेक्स्टंटचा फोटो टाकला आणि त्यावर तिचं नाव कोरून भेट द्यायची कल्पना मांडली. (चौदा अंगठे आले.) आणि सगळ्यात धाकट्या भाच्याने विचारलं, "फोनमध्ये जीपीएस नाही का तिच्या?"

माझं मत यातल्या तिघांशीही जुळत नाही. ते आधीच सांगून टाकतो: तिने मायक्रोमीटर ड्रमवाला साधा प्लास्टिकचा सेक्स्टंट घ्यावा, आत्ताच घ्यावा आणि निघेपर्यंत त्याचा पिट्टा पाडावा. धातूचा, भारीतला सेक्स्टंट नंतर बघू. पितळी तर कधीच नको. आता असं का, ते सविस्तर.

आधी ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी. सेक्स्टंट म्हणजे कोन मोजायचं साधन. क्षितिजापासून सूर्य किंवा तारा किती अंश वर आहे एवढंच ते सांगतं, अक्षांश-रेखांश सांगत नाही. त्याची कमान वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे ६० अंशांची असते. नाव त्यावरूनच पडलं. पण प्रकाश दोन आरशांवरून दोनदा परावर्तित होत असल्यामुळे दांडा जितका फिरतो त्याच्या दुप्पट कोन मोजला जातो, म्हणून कमानीवरचे आकडे १२० अंशांपर्यंत किंवा थोडे पुढे जातात. दुर्बिणीतून बघायचं, दांडा सरकवत सूर्याची प्रतिमा खाली आणायची आणि तिची कड क्षितिजाला अलगद टेकवायची. टेकली की त्याच क्षणी घड्याळ बघायचं. पुढचं काम पंचांग आणि कोष्टकांचं. (आपलं नव्हे, नॉटिकल अल्मनॅक नावाचं, दरवर्षी निघणारं.) तत्त्व जुनं आहे. इंग्लंडात जॉन हॅडलीने १७३१ मध्ये दोन आरशांचं असं यंत्र दाखवलं, आणि आजचा सेक्स्टंट त्याच घराण्यातला आहे.

धाकट्या भाच्याचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. जीपीएस असताना हे कशाला? बोटीवर जीपीएस आहेच, एक नाही तीन. पण शिडाच्या बोटीवर वीज पडली तर उंच डोलकाठीतून ती खाली येते आणि जोडलेली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं एका झटक्यात जाऊ शकतात. खारं पाणी बॅटरीत शिरू शकतं. आणि हल्ली उपग्रहांचे संदेश मुद्दाम बिघडवण्याचे प्रकार वाढलेत. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास कित्येक जहाजं नकाशावर भलत्याच ठिकाणी, काही तर चक्क जमिनीवर दिसत होती. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीने १९९० च्या दशकाच्या शेवटी ताऱ्यांवरून मार्ग काढायचं शिक्षण बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. उगाच नव्हे. अटलांटिकच्या मध्यावर कुणी तिचा जीपीएस बिघडवायला बसलेलं नाही हे खरं, पण वीज आणि पाणी तिथेही आहेच. (सगळ्यात लहान जीपीएस वादळात स्टीलच्या कुकरमध्ये ठेवावा, हा सल्ला मी तिला दिलाय. विनोद वाटेल, पण बरेच दर्यावर्दी खरंच कुकरमध्ये किंवा ओव्हनमध्ये ठेवतात.)

आता मुद्द्याचं. कोन मोजताना एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर नकाशावर एका सागरी मैलाची चूक होते. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. चांगल्या धातूच्या सेक्स्टंटची चूक दहा-वीस विकला असते, म्हणजे मैलाचा जेमतेम तिसरा हिस्सा. प्लास्टिकचा नीट सांभाळून वापरला तरी एखाद-दुसरी कला इकडेतिकडे होते. कागदावर हा फरक मोठा दिसतो. भाऊजींनी इंटरनेटवर हेच आकडे वाचले आणि त्यांचा निर्णय झाला.

पण हे आकडे यंत्राचे आहेत, बोटीचे नाहीत. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर तुम्ही पाण्यापासून २५ मीटर उंच असता. पायाखाली लोखंड, जहाज फारसं हलत नाही, आणि क्षितिज सुरीने कापल्यासारखं लांबवर दिसतं. ३८ फुटी बोटीत डोळा पाण्यापासून दोन मीटरवर. क्षितिज जेमतेम तीन मैलांवर, तेही लाटांच्या माथ्यांनी करवतीसारखं झालेलं. बोट लाटेच्या तळाशी असेल तर समोरची लाट हेच क्षितिज समजून माणूस फसतो. खरं क्षितिज बोट माथ्यावर आल्यावरच क्षणभर दिसतं. डोळ्याच्या उंचीप्रमाणे कोनातून काही कला वजा कराव्या लागतात. दोन मीटरला सुमारे २.५ कला, तीन मीटरला ३. म्हणजे लाटेने तुम्हाला नेमकं किती उचललं होतं याचा अंदाज मीटरभर चुकला, की अर्धा मैल गेलाच. घड्याळ चार सेकंदांनी चुकलं की रेखांशात एक कला गेली. त्यात एका हाताने दोरखंड धरलेला, चष्म्यावर खारे शिंतोडे, आणि बोट दोन्ही बाजूंना डुलतेय.

मी स्वतः निवृत्तीनंतर एका मित्राच्या २८ फुटी बोटीवर कोकण किनाऱ्यालगत प्लास्टिकच्या सेक्स्टंटने बऱ्याच साइट घेतल्या आहेत आणि जीपीएसशी ताडून पाहिल्या आहेत. शांत दिवशी दोन ते चार मैलांचा फरक, खवळलेल्या दिवशी सात-आठ. त्याच बोटीवर धातूचा, मायदेशी जपानी असलेला सेक्स्टंटही आम्ही वापरला. शांत दिवशी त्याने फरक पडला, दीड-दोन मैलांवर आलो. खवळलेल्या दिवशी काही फरक पडला नाही, कारण तेव्हा चुका यंत्राच्या नव्हत्याच. त्या आमच्या होत्या, समुद्राच्या होत्या.

आणि तिला नेमकी किती अचूकता लागणार आहे, हेही कुणी विचारत नाही. सेंट लुशियाचा सर्वात उंच डोंगर ९५० मीटर आहे. हवा बरी असेल तर असं बेट वीस-तीस मैलांवरून दिसायला हरकत नाही. तीन आठवडे मोकळ्या समुद्रात जागा पाच मैलांनी चुकली काय आणि दोन मैलांनी चुकली काय, सकाळी समोर डोंगर दिसायचा तो दिसणारच. तिला हवी आहे ती रोज, न चुकता मिळणारी, पाच-सहा मैलांच्या आतली जागा. त्यासाठी रोज साइट घ्यायला हवी. आणि रोज साइट घेण्यासाठी हातात असं यंत्र हवं, जे ओल्या डेकवर न्यायला जीव कचरणार नाही.

इथेच भारी वस्तूची मेख आहे. दीड किलोचं, मखमलीच्या पेटीतलं, वडिलांनी प्रेमाने घेऊन दिलेलं यंत्र. समुद्र जरा चढला की ते पेटीतच राहतं. "आज नको, उगाच पाणी लागेल." दुसऱ्या दिवशीही नको. जहाजावर मी असे सेक्स्टंट पाहिलेत, मालकाने पुसून पुसून चकाकत ठेवलेले, आणि मालकाला साइट घ्यायची वेळ आली की घाम. प्लास्टिकचा अर्धा किलोही भरत नाही. हात दुखत नाही, एका सूर्याच्या सलग पाच-सहा साइट आरामात घेता येतात, आणि सलग साइट घेऊन त्यातली वेडीवाकडी बाजूला काढणं हा चूक कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता प्लास्टिकचे दोष. ते लपवणार नाही, कारण ते माहीत नसतील तर हा सल्ला घातक ठरेल. प्लास्टिक उन्हात प्रसरण पावतं. त्यामुळे यंत्राचा शून्य जिथे असायला हवा तिथून सरकतो. याला इंडेक्स एरर म्हणतात. ती सगळ्याच सेक्स्टंटना असते, पण धातूच्या यंत्रात महिनोन् महिने जागच्या जागी बसते आणि प्लास्टिकमध्ये तासाभरात काही कलांनी हलू शकते. म्हणून नियम एकच: साइटच्या आधी मोजायची, साइटनंतर पुन्हा मोजायची. यंत्र उन्हात पडू द्यायचं नाही. साइटच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून हवेच्या तापमानाला येऊ द्यायचं. चौकट घट्ट दाबून धरायची नाही, ती वाकते. ड्रम शेवटी नेहमी एकाच दिशेने फिरवत थांबवायचा, म्हणजे दात्यांमधल्या ढिलाईची चूक दर वेळी सारखीच राहते. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. आणि गंमत म्हणजे धातूचं यंत्र घेतल्यावरही हीच सवय कामाला येते. लाडावलेलं यंत्र वापरून शिकलेल्यांना ती कधी लागतच नाही.

घ्यायचा ठरला तर काय बघायचं, तेही लिहून ठेवतो. तिच्यासारखे आणखी कुणी शोधत आले तर उपयोगी पडेल.

पहिलं, मायक्रोमीटर ड्रम हवाच. डेव्हिस कंपनीचा मार्क ३ हा सगळ्यात स्वस्त, पण त्याला ड्रम नाही. रेघांशी रेघ जुळवून वाचावं लागतं. शाळेत समजावून द्यायला छान, हलत्या बोटीवर नको. मार्क १५ ला ड्रम आहे. मी तिला तोच सुचवला.

दुसरं, क्षितिजाकडचा आरसा. जुन्या पद्धतीत तो अर्धा पारा लावलेला आणि अर्धा मोकळा असतो. दुसऱ्या प्रकारात पूर्ण काचेवर असा लेप असतो की क्षितिज आणि सूर्य दोन्ही संपूर्ण वर्तुळभर दिसतात. नवशिक्याला हा दुसरा प्रकार फार आवडतो, कारण सूर्य हातातून निसटत नाही. पण लेप थोडा प्रकाश खातो. संधिप्रकाशात अंधुक तारा आणि अंधुक क्षितिज बघताना तोच थोडा प्रकाश हवा असतो. फक्त सूर्यावर भागवणार असाल तर पूर्ण काच. तारेही घ्यायचे असतील तर अर्धी. तिला तारे घ्यायचेच आहेत, म्हणून अर्धी.

तिसरं, दुर्बीण. इथे जास्त म्हणजे चांगलं हे गणित उलटं आहे. धातूच्या सेक्स्टंटबरोबर सहा-सात पट मोठं दाखवणारी दुर्बीणही मिळते. जहाजाच्या ब्रिजवर ती उत्तम. लहान बोटीवर सूर्य तिच्यातून उड्या मारत पळतो. साडेतीन-चार पट पुरे, तोंड मात्र रुंद हवं.

चौथं, काळ्या काचा. दोन्ही आरशांपुढे पुरेशा गडद काचा आहेत ना, त्या नीट आडव्या येतात ना, हे पहिल्याच दिवशी तपासायचं. काचेशिवाय दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. यात तडजोड नाही.

धातूचा कधी घ्यावा? जेव्हा हात बसलेला असेल आणि आपल्या साइटमध्ये यंत्राची चूक वेगळी ओळखता येत असेल तेव्हा. नव्यात जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या कॅसन्स अँड प्लाथचं नाव मोठं आहे, किंमतही तशीच. चिनी बनावटीचा अॅस्ट्रा ३बी त्याहून पुष्कळ स्वस्त आणि बोटवाल्यांमध्ये लोकप्रिय. पण आपल्याकडच्या माणसाला एक वेगळी वाट आहे: अलंग. गुजरातेत भावनगरजवळ जगभरची जहाजं मोडीत निघतात, आणि त्यांच्यावरचं सामान तिथल्या रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला येतं. जपानी टामाया, पूर्व जर्मनीतले फ्रायबर्गर, सोव्हिएत रशियातले एसएनओ-टी, असे सेक्स्टंट या बाजारात फिरत असतात. अस्सल, जहाजावर आयुष्य काढलेले. फक्त आयुष्य कसं काढलं ते तपासावं लागतं.

तपासायची रीत सोपी आहे. दांडा कमानीच्या मध्यावर आणायचा, यंत्र आडवं धरून मोठ्या आरशात बघायचं: आरशातली कमान आणि प्रत्यक्ष कमान एकसंध दिसायला हवी. तुटक दिसली तर आरसा कललाय. तो स्क्रूने सरळ होतो. मग शून्यावर लावून लांबच्या इमारतीची कड बघायची. ड्रम उजवीकडून आणि डावीकडून फिरवून शून्य दोनदा मोजायचा. दोन्हींत फार फरक आला तर दाते झिजलेत, आणि तो दोष घरी दुरुस्त होत नाही. आरशाचा पारा कडेने काळवंडला असेल तर घाबरू नका, आरसा बदलता येतो. पण चौकट वाकलेली असेल, यंत्र कधी पडलेलं असेल, तर हात जोडून निघा. पेटीच्या झाकणात तपासणीचा कागद चिकटवलेला असतो. त्यावरचा क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक एकच आहे ना, तेही बघा.

राहिला तो पितळी. आतेभाऊ रागावू नकोस, पण तुझ्या फोटोतल्या यंत्रावर 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असं कोरलेलं आहे, आणि केल्विन आणि ह्यूज या दोन घराण्यांची मिळून कंपनी झाली ती १९४० च्या दशकात. १९१७ मध्ये त्या नावाने यंत्र निघणं शक्यच नव्हतं. अशी शोभेची यंत्रं आपल्याकडेच बनतात, रुडकीला तर त्यांचा मोठा धंदा आहे. टेबलावर ठेवायला झकास. दांडा फिरतो, आरसे आहेत, सूर्यही दिसतो. फक्त कोन कितीही येऊ शकतो. बैठकीत ठेवलं तर कुणाचं नुकसान नाही, पण अशी वस्तू बोटीवर गेली तर ती नसण्यापेक्षा वाईट, कारण ती आकडा देते आणि आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो.

आता भाऊजींविषयी. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांनी उत्तर देऊन भागत नाही, हे मला कळतं. मुलगी तीन आठवडे जमीन न दिसणाऱ्या पाण्यात जाणार. बापाच्या हातात करण्यासारखं काय आहे? पैसे देणं. सगळ्यात महाग वस्तू म्हणजे सगळ्यात जास्त काळजी, असा तो हिशेब असतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आपण मुलांचे क्लास, दवाखाने, लग्नं याच हिशेबाने ठरवतो. पण समुद्राला किमतीची पावती दाखवता येत नाही.

जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याच्याकडचं घड्याळ पत्र्याचं, डॉलरभर किमतीचं होतं. स्वस्त घड्याळाने तो जग फिरला, कारण तेव्हा त्याच्या गाठीशी समुद्रावरची तीसेक वर्षं होती. १९१६ मध्ये शॅकल्टनची माणसं एलिफंट बेटावर अडकली, तेव्हा फ्रँक वर्स्लीने साडेबावीस फुटी उघड्या होडीला ८०० मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर नेलं. सोळा दिवसांत सूर्य त्याला मोजून चारेक वेळा मिळाला. इतर जण त्याला धरून ठेवायचे आणि तो ढगांच्या फटीतून साइट घ्यायचा. सेक्स्टंट त्याचा स्वतःचाही नव्हता, सहकारी हडसनचा होता. बेट चुकलं असतं तर पुढे हजारो मैल फक्त पाणी. बेट चुकलं नाही. आता वर्स्लीच्या हातातलं यंत्र चांगलं होतं, त्यात वाद नाही. पण तेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं असतं तर?

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोल्डन ग्लोब रेस घ्या. या शर्यतीत जीपीएस वापरायला बंदी, १९६८ सालच्या साधनांवर जग फिरायचं. कमांडर अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोव्यात बांधलेली 'तुरीया' घेऊन त्यात उतरले, हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडून पाठीला जबर दुखापत झाली आणि त्यांना वाचवून आणावं लागलं. तेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. सगळी वाट सूर्य-ताऱ्यांवरून काढून. ही तयारी दुकानात मिळत नाही.

म्हणून भाऊजींना मी सुचवलं की पैसे द्याच, पण वेगळ्या गोष्टींना. यंत्र आणि अल्मनॅक. दोन चांगली, स्वस्त क्वार्ट्झ घड्याळं, ज्यांची रोजची चाल ती वहीत लिहून ठेवेल. कोष्टकांची पुस्तकं, म्हणजे कॅल्क्युलेटर बंद पडला तरी अडायला नको. आणि दर शनिवार-रविवारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं रेल्वेचं भाडं. तिथे दुपारचा सूर्य नेमका समुद्रावर असतो, क्षितिज मोकळं, आणि आपण कुठे उभे आहोत हे नकाशावर माहीत. आपली साइट किती मैलांनी चुकली ते त्याच संध्याकाळी कळतं. दोन महिन्यांत शंभर साइट झाल्या तर ती बोटीवर नवशिकी म्हणून चढणार नाही.

यात सूर्यावर एक सुंदर पडताळा आहे, तोही तिला सांगितलाय. इंडेक्स एरर काढताना सूर्याच्या दोन प्रतिमा एकदा वरच्या कडेला आणि एकदा खालच्या कडेला टेकवायच्या. शून्याच्या दोन्ही बाजूंची ती दोन मापं मिळवून चाराने भागली की सूर्याची त्रिज्या यायला हवी, सुमारे १६ कला. अल्मनॅकमध्ये त्या दिवसाची नेमकी दिलेली असते. जुळली तर तुमचा हात ठीक आहे. नाही जुळली तर यंत्राला दोष देण्याआधी पुन्हा घ्या.

माझं मत सगळीकडे लागू नाही, हेही सांगायला हवं. उद्या ती कोचीहून लक्षद्वीपला निघाली आणि सेक्स्टंटवरच भिस्त असेल, तर मी वेगळं सांगेन. तिथे डोंगर नाहीत. जमीन पाण्याच्या जेमतेम वर, नारळाची झाडं लहान बोटीवरून दहा-बारा मैलांच्या आत आल्यावरच दिसणार, आणि भोवती प्रवाळाची रांग. तिथे पाच मैलांची चूक म्हणजे बेट बाजूने निघून जाणं, किंवा रात्री त्यावर चढणं. अशा ठिकाणी धातूचा सेक्स्टंट, पहाटेचे तीन-चार तारे आणि बसलेला हात, तिन्ही हवेत. यंत्र निवडायच्या आधी कुठे जायचंय ते विचारा, ते म्हणून.

आणि ज्यांना समुद्र नाही पण हौस आहे, त्या पुणेकरांसाठी (आमचे दोन ब्लॉगर मित्र आहेत, ओळखलं असेलच): गच्चीवर पसरट ताटात गाडीचं जुनं काळं तेल ओता, वारा लागणार नाही असं ठेवा. तेलातलं सूर्याचं प्रतिबिंब आणि खरा सूर्य यांच्यातला कोन मोजा, इंडेक्स एरर काढून टाका आणि उरलेल्याला दोनाने भागा. क्षितिज लागतच नाही. डिसेंबरात दुपारीसुद्धा जमतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत तर थेट माथ्यावर येतो, तेव्हा दुप्पट कोन कमानीत मावत नाही. सकाळी लवकर घ्या. पहिल्या दिवशी तुमचं घर अरबी समुद्रात निघेल. निघू द्या. आठवड्याभरात ते निदान पुणे जिल्ह्यात येईल, आणि महिन्याभरात आपल्या तालुक्यात.

असो. लांबलं जरा. कुणी धातू आणि प्लास्टिक दोन्ही वापरून वेगळ्या निष्कर्षाला आलं असेल तर जरूर लिहा, वाद घालायला मी तयार आहे. फक्त साइटची वही समोर ठेवून बोलू.